मिश्रणाची गणितं : दुसरं समीकरण मांडताना या चुका टाळा

दहावीच्या बीजगणितात दोन चलांची समीकरणं मुलं पटापट सोडवतात, एका चलाचा लोप करा नाहीतर क्रेमरची पद्धत वापरा, उत्तर येतंच, पण मिश्रणाचं शाब्दिक उदाहरण आलं की गाडी अडते. आणि अडते ती सोडवताना नाही, मांडतानाच.

एक उदाहरण घेऊ. फुल क्रीम दुधात 6 टक्के फॅट, टोन्डमध्ये 3 टक्के, दोन्ही मिसळून 4 टक्के फॅटचं 60 किलो दूध करायचंय (फॅटचे टक्के वजनावर असतात म्हणून लिटर नाही घेतले). आता बरेच जण "x = फुल क्रीम" एवढंच लिहितात. फुल क्रीमचं काय, किलो, टक्के, की त्यातलं फॅट? "x = फुल क्रीम दुधाचे किलो, y = टोन्ड दुधाचे किलो" असं पूर्ण लिहाच.

पहिलं समीकरण x + y = 60, ते सगळ्यांचं बरोबर येतं. दुसऱ्यात 6x + 3y = 4 लिहिलं की संपलं! डावीकडे फॅट आणि उजवीकडे नुसता टक्का, असं कसं जुळेल? टक्क्यांची बेरीज होत नाही हो, फॅटच्या किलोंची होते. 60 किलोचे 4 टक्के म्हणजे 2.4 किलो फॅट, म्हणून 0.06x + 0.03y = 2.4. दशांश नको म्हणून 100 ने गुणताना उजवी बाजू विसरू नका, 6x + 3y = 240 होतं, 2.4 तसंच ठेवलं तर x ऋण येतो, आणि ऋण किलो दूध नसतं, तिथेच थांबून मागे बघायचं.

उत्तर x = 20, y = 40. पडताळा बघा: 4 हे 6 पेक्षा 3 च्या जवळ आहे, म्हणजे टोन्ड जास्त लागणारच. तुमचं उलटं आलं असेल तर बहुतेक x आणि y ची अदलाबदल झालीय.

साधं पाणी घातलं तर ते 0 टक्के, शुद्ध पदार्थ 100 टक्के.

सगळ्यात फसवं म्हणजे "काढून तेवढंच पाणी घातलं" वालं. 10 किलो मीठपाणी, 20 टक्क्यांचं, त्यातून x किलो काढून तेवढंच पाणी घालून 15 टक्के करायचं. म्हणजे मीठ आधी 2 किलो, नंतर 1.5 किलो. मुलं 2 − x = 1.5 लिहितात, पण काढलेल्या x किलोत सगळं मीठ थोडीच आहे, फक्त 0.2x आहे, म्हणून 2 − 0.2x = 1.5 आणि x = 2.5 किलो.