शब्दांचा ऑनलाइन गेम बनवताय? आधी स्क्रॅब्युलसचं काय झालं ते बघा

शब्दजुळणीचा गेम बनवून नेटवर टाकायचा विचार असेल तर कोडला हात लावायच्या आधी स्क्रॅब्युलसची भानगड समजून घ्या, कारण तो गेम कुणी खेळत नव्हतं म्हणून बंद नाही पडला, उलट रोज पाचेक लाख लोक खेळत होते तेव्हाच तो काढावा लागला. कोलकात्याच्या रजत आणि जयंत अगरवाला या दोन भावांनी तो बनवला, २००७ मध्ये फेसबुकवर आला आणि तुफान चालला. पण तो बेतलेला होता स्क्रॅबल या शब्द जुळवायच्या बोर्डगेमवर, आणि स्क्रॅबलचे हक्क अमेरिका-कॅनडात हॅस्ब्रो आणि बाकी जगात मॅटेल या खेळण्यांच्या कंपन्यांकडे. जानेवारी २००८ मध्ये फेसबुककडे तक्रार गेली, जुलैमध्ये हॅस्ब्रोने न्यूयॉर्कच्या कोर्टात केस टाकली आणि २९ जुलैला अमेरिका-कॅनडातल्या लोकांसाठी फेसबुकवरचा गेम बंद. इतक्या लोकांना शब्दांचं वेड लावणारी गोष्ट अशी जावी याचं मला आजही खूप वाईट वाटतं.

आता यातला कामाचा भाग. मॅटेलने दिल्ली हायकोर्टातही केस केली होती, तिथे सप्टेंबर २००८ मध्ये अंतरिम आदेश आला. बोर्ड आणि नियमांवरचा कॉपीराइटचा दावा कोर्टाने सुरुवातीलाच मान्य केला नाही, पण नावावर मात्र मनाई घातली. म्हणजे खेळायची पद्धत ही कुणाच्या बापाची नाही, पण नाव आहे.

म्हणून पहिलं काम नावाचं. गाजलेल्या गेमच्या नावाला शेपूट लावून नवीन नाव करू नका, अजिबात नाही, लोकांना पटकन कळतं म्हणून तो मोह होतो आणि लोकांना पटकन कळतं हेच नेमकं तुमच्या विरोधात जातं. ट्रेड मार्क्स रजिस्ट्रीच्या वेबसाइटवर पब्लिक सर्च फुकट आहे. तिथे नुसतं स्पेलिंग टाकून थांबू नका, उच्चारावरून शोधायचा फोनेटिक ऑप्शन पण वापरा, आणि क्लास ९, २८ आणि ४१ तिन्ही बघा (सॉफ्टवेअर, खेळ, करमणूक). मग प्ले स्टोअर, अ‍ॅप स्टोअर. सगळं मोकळं दिसलं तर नाव स्वतःच रजिस्टर करायला टाका, एकट्या माणसाला ऑनलाइन अर्जाची फी एका क्लासला ४,५०० रुपये आहे.

दुसरं, दिसणं. नियम मोकळे आहेत म्हणून बोर्डच उचलायचा असं करू नका, दिल्लीत जे झालं तेच अमेरिकेत होईल याची काही गॅरंटी नाही. स्क्रॅबलमध्ये १५ बाय १५ चा बोर्ड, १०० टाइल्स (अक्षरांच्या सोंगट्या), हातात ७, आणि सातही एकदम लावल्या तर ५० बोनस. २००९ मध्ये आलेल्या वर्ड्स विथ फ्रेंड्सने बोर्ड तेवढाच ठेवला पण टाइल्स १०४ केल्या, बोनस ३५, जास्त गुणांची घरं दुसरीकडे आणि अक्षरांचे गुण वेगळे, आणि तो मजेत चालला. अगरवाला बंधूंनीही पुढे लेक्स्युलस आणला त्यात हातात ८ टाइल्स दिल्या. रंग, घरांची मांडणी, गुण, सगळं स्वतःचं करा. मदतीच्या पानावरचे नियम पण स्वतःच्या शब्दांत लिहा, कॉपी-पेस्ट नको.

मराठीत गेम करणार असाल तर हे आपोआप होतं, आणि मला वाटतं खरी मजा इथेच आहे. स्क्रॅबलचे जनक आल्फ्रेड बट्स यांनी वर्तमानपत्रांची पानं घेऊन कुठलं अक्षर किती वेळा येतं ते मोजलं आणि त्यावरून गुण ठरवले, तुम्ही तेच मराठी मजकुरावर करा. आधी ठरवा की 'कि' ही एक टाइल की क आणि वेलांटी वेगळी. एक धरली तर टाइल्स शेकड्याने वाढतात, वेगळी धरली तर 'स्त्री' कसा लावायचा हा प्रश्न येतो. एक मार्ग असा की टाइलवर फक्त व्यंजन ठेवायचं आणि काना, मात्रा, वेलांटी खेळणाऱ्याने लावताना निवडायची, म्हणजे क आणि म वरून काम, कमी, कम सगळं होतं. मोजणीत ज्ञ, ङ सारखी क्वचित येणारी अक्षरं निघतील त्यांना जास्त गुण द्या. अशा गेमला कुणी नक्कल म्हणायला येणार नाही.

शब्दयादीकडे बहुतेकांचं लक्षच जात नाही. चालू शब्दकोश स्क्रॅप करून टाकू नका, त्याच्यावर प्रकाशकाचा हक्क असतो. इंग्रजीसाठी एनेबल नावाची यादी सगळ्यांना मोकळी आहे. मराठीसाठी मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश कॉपीराइटच्या बाहेर गेलेला आहे, दुसरी आवृत्तीच १८५७ ची, फक्त शब्द जुने आहेत तेव्हा बसून निवडावे लागतील.

आणि एवढं करून नोटीस आलीच तर? घाबरून सगळं डिलीट करू नका आणि रागात उत्तरही पाठवू नका. आधी नीट वाचा, दावा नावावर आहे की कॉपीराइटवर. 'आमचा गेम फुकट आहे' हे उत्तर चालत नाही, २०२४ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने आपल्या वर्डल या शब्द ओळखायच्या गेमच्या नकला काढायला गिटहबवर (लोक आपला कोड ठेवतात ती साइट) नोटिसा पाठवल्या त्यात फुकटवाले ओपन सोर्स प्रोजेक्टही होते. अमेरिकन कायद्याच्या कॉपीराइट नोटिशीला काउंटर नोटीस देता येते, समोरचा कोर्टात गेला नाही तर १० ते १४ कामाच्या दिवसांत मजकूर परत येतो, पण त्यात तुम्ही तिथल्या कोर्टाचा अधिकार मान्य करता तेव्हा आधी वकील गाठा.

शेवटचं, नाव, लोगो, रंग हे कोडमध्ये एकाच फाइलीत ठेवा, म्हणजे बदलायची वेळ आली तर एका रात्रीत होईल. चालू डाव आणि खेळाडूंचे ईमेल त्यांच्या परवानगीने स्वतःच्या सर्व्हरवर ठेवा, दुसऱ्याच्या प्लॅटफॉर्मवर नाही, आणि ज्याला आपले जुने डाव डाउनलोड करायचे आहेत त्याला पहिल्या दिवसापासून तसं बटण द्या.