फाईल नको, वही बघा: आर्थिक साक्षरतेचे पुरस्कार देताना या चुका टाळा

बचत गट, कार्यकर्ते आणि शिक्षकांना आर्थिक साक्षरतेचे पुरस्कार देणाऱ्या तालुक्याच्या एका निवड समितीत मी तीन वर्षं होते. पहिल्या वर्षी ज्या बचत गटाला पहिला नंबर दिला, त्याच्या फाईलमध्ये तीन शिबिरांचे फोटो होते. सत्कार उरकल्यावर कुणीतरी दाखवलं, की तिन्ही फोटोंत त्याच बायका, त्याच साड्या आणि मागच्या दोरीवर वाळत घातलेला तोच टॉवेल. बदललं होतं ते फक्त बॅनर.

तेव्हापासून मी फोटो बघायचं सोडलं आणि वह्या मागायला लागले. नियमित बैठक, बचत, अंतर्गत कर्जवाटप, परतफेड आणि हिशेब ही बचत गटाची पंचसूत्री वहीत लपत नाही. वर्षभराची इतिवृत्तं एकाच शाईत, एका बैठकीत लिहिल्यासारखी सलग दिसली तर समजा, आदल्या रात्रीचं काम आहे. खऱ्या वहीवर चहाचा डाग असतो, खाडाखोड असते, 'उशिरा आल्याबद्दल दंड ५ रु.' असतं. दोन-तीन जणींची पासबुकं मागून आकडे वहीशी ताडून बघा.

दुसरी चूक म्हणजे कर्जाच्या आकड्याला भुलणं. गावात हल्ली फायनान्स कंपनीच्या कर्जासाठी जमवलेल्या बायकांनाही 'गट'च म्हणतात. तिथे एकमेकींच्या हप्त्याची हमी असते, स्वतःची सामाईक बचत बहुतेकदा नसतेच. म्हणून थेट विचारा, 'तुमची स्वतःची बचत किती? त्यातून गेल्या वर्षी कुणाला, कशासाठी कर्ज दिलं?' उत्तर द्यायला अध्यक्षांकडे बघावं लागलं, तर पुढच्या गटाकडे वळा.

व्याख्यान संपताच फॉर्म वाटणाऱ्याला मात्र शाल देऊ नका. तो एजंट आहे. काम वाईट नाही, पण ते विक्रीचं. खऱ्या कार्यकर्तीची परीक्षा सोपी असते. जीवन ज्योती या सरकारी आयुर्विम्याचे वर्षाला ४३६ रुपये भरले आणि वर्षभर काही झालं नाही, तर पैसे परत मिळत नाहीत, हे ती आधीच सांगते. बँकेतल्या ठेवीला ५ लाखांपर्यंत ठेव विम्याचं संरक्षण आहे, पतसंस्थेतल्या ठेवीला ते नाही, हेही सांगते, समोर पतसंस्थेचे संचालक बसलेले असले तरी!

शिक्षकांच्या बाबतीत आमची मोठी चूक होती प्रस्ताव मागवणं. प्रस्ताव लिहिण्यात पटाईत असलेले शिक्षक वेगळे आणि शिकवणारे बऱ्याचदा वेगळे. एका जिल्हा परिषद शाळेत आनंद बाजार होता. चौथीतली मुलगी ओरडत आली, "सर, भेळीत २४० रुपये नफा!" सरांनी फळ्यावर लिहायला घेतलं: चुरमुरे, शेव, कांदे, चिंच, कागद. बेरीज १९५. "मग उरले किती?" मुलगी जरा हिरमुसली, मग म्हणाली, "पंचेचाळीस. पण कांदे आईनं चिरलेत, तिची मजुरी?" सर खडू हातात धरून हसत राहिले. आमच्या यादीत त्यांचं नाव नव्हतं, कारण त्यांनी प्रस्तावच दिला नव्हता. त्यानंतर आम्ही केंद्रप्रमुखांना विचारायला लागलो आणि न सांगता बाजाराच्या दिवशी जायला लागलो.

बाकी किरकोळ. प्रमाणपत्रावर अध्यक्षांबरोबर वही लिहिणाऱ्या सचिवाचंही नाव घाला, आणि ते आधी तिला वाचून दाखवा. कार्यक्रम ८ मार्चला नको. त्या दिवशी बायकांना चार-चार मांडवांत बसवलेलं असतं. दुपारचा कार्यक्रम म्हणजे एका दिवसाची मजुरी बुडाली, तेव्हा गटाच्या बैठकीच्या संध्याकाळीच वस्तीवर जा.

आणि चुकीच्या हाती पुरस्कार गेलाच तर? आम्ही परत मागितला नाही. पुढच्या वर्षापासून मात्र निकालाआधी दोघींनी जाऊन वह्या बघायच्या, असं ठरलं. त्या बॅनरवाल्या गटाने नंतर अर्ज केला नाही.