ऑलिव्हच्या लाकडाचा चाटू कोरताना

ऑलिव्हचं झाड भूमध्य समुद्राकाठचं. आपल्याकडच्या वखारीत हे लाकूड मिळत नाही. पेन किंवा चमचे बनवणाऱ्यांसाठी मेण लावलेले छोटे ठोकळे ऑनलाइन मिळतात, तेच घ्यावे लागतात. लाकूड महाग आहे, म्हणून पहिला चाटू बोरीच्या नाहीतर कडुनिंबाच्या वाळलेल्या तुकड्यावर करून बघा. हात बसल्यावर ऑलिव्हला पटाशी लावा.

हे लाकूड कडक असतं, पण मराठवाड्यात त्याहून मोठा त्रास तडकण्याचा. वाळताना ऑलिव्ह गाभ्यापासून सालीच्या दिशेने साधारण 5 टक्के आणि वाढीच्या वर्तुळांच्या दिशेने जवळपास 9 टक्के आकसतं. या फरकाने लाकडावर ताण येतो आणि पाणी सर्वांत लवकर सोडणाऱ्या टोकांकडून चीर सुरू होते. एप्रिल-मेमध्ये परभणी-नांदेडकडे पारा 42 च्या वर जातो, हवा कोरडी ठक्क असते. त्या दिवसांत ठोकळ्याचं मेण खरवडून तो पत्र्याच्या खोलीत ठेवला, तर दोन दिवसांत टोकाला केसाएवढी रेघ दिसते, आणि ती आत किती गेली आहे हे कोरेपर्यंत कळत नाही. कोरायला आषाढापासून दिवाळीपर्यंतचे दिवस बरे.

ठोकळा आला की वजन करून तारीख घाला. दर आठवड्याला स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोला. लागोपाठ तीन आठवडे वजन हललं नाही, म्हणजे तो वाळला. तोवर टोकांचं मेण काढू नका. निघालंच तर मेणबत्ती वितळवून लगेच पुन्हा लावा. लाकूड ओलंच असेल तर आधी जाडसर आकार काढून घ्या, चाटूच्या खोलगट वाटीची भिंत 10-12 मिमी ठेवा आणि निघालेल्या ढलप्यांसकट कागदी पिशवीत बांधून सावलीत महिनाभर ठेवा. ढलप्या ओल धरून ठेवतात, त्यामुळे ते सावकाश वाळतं.

चाटूसाठी ठोकळा 28 सेमी लांब, 6.5 सेमी रुंद, 2.5 सेमी जाड पुरतो. खोडाचा मधला गाभा त्यात नको, चीर हमखास तिथूनच फुटते. पेन्सिलीने 8 सेमी लांबीची वाटी आणि दांडा आखा. आधी वाटी कोरायची, बाहेरचा आकार नंतर. ठोकळा चौकोनी असेपर्यंतच तो टेबलाला क्लॅम्पने घट्ट बसतो. अनेकांचा क्रम इथे चुकतो आणि मग निसटता चाटू मांडीवर धरून कोरताना हात कापतो.

20-25 मिमी रुंदीची गोल पटाशी घ्या. धार 25 अंशाची, अगदी टोकाला 30 अंशाची बारीक कड. ऑलिव्हसमोर निव्वळ 25 ची धार लवकर जाते. कडेकडून मध्याकडे, रेषांना आडवी, एकेका फटक्याला जेमतेम 1 मिमीची ढलपी काढा. ढलपी गुळगुळीत निघाली आणि मागे चकाकणारा पृष्ठभाग राहिला, तर दिशा बरोबर. लाकूड कर्रर्र आवाज करून उचकटलं, तर उलट बाजूने या. ऑलिव्हच्या रेषा बोटभर अंतरात वळतात, त्यामुळे एकाच वाटीत चार दिशांनी कोरावं लागतं. दर 15-20 मिनिटांनी धातूचं पॉलिश लावलेल्या चामड्यावर धार घासा. चांभाराकडचा टाकाऊ तुकडा चालतो. वाटी मध्यभागी 15 मिमी खोल करा.

मग करवतीने बाहेरचा आकार काढा आणि कानशीने दांडा गोल करा. वाकस (सुताराची आडव्या पात्याची कुऱ्हाड) इथे नको, एका घावात रेषेबरोबर अख्खा तुकडा सुटतो. बुडाला 6 मिमी जाडी ठेवा, कड 4 मिमी. दांडा वाटीला जुळतो तिथे 14 मिमीपेक्षा कमी केलात तर घट्ट पिठलं घोटताना तिथेच मोडेल.

उचकटलेल्या जागा पॉलिश पेपरने घासून जात नाहीत, नुसता खड्डा पडतो. हॅकसॉच्या तुटक्या ब्लेडची सपाट कड घासून तिने खरवडा. नंतर क्रमाने 120, 180, 240, 320 नंबरचा पेपर. लाकडाच्या तेलाने पेपर लवकर बुजतो, तो झटकत राहा. 240 नंतर ओल्या फडक्याने पुसून वाळू द्या, उभे राहिलेले तंतू 320 ने काढा. ही पायरी गाळली तर पहिल्याच धुण्यात चाटू खरखरीत होतो. मास्क लावा. ही भुकटी काहींच्या नाकाला आणि कातडीला त्रास देते.

तेल घाण्यावरचं कच्चं जवसाचं. शेंगदाण्याचं वाळत नाही, खवट होतं. हार्डवेअरच्या दुकानातल्या 'बॉइल्ड' जवस तेलात धातूंचे क्षार असतात, ते खाण्याच्या भांड्याला नको. पातळ हात द्या, 20 मिनिटांनी उरलेलं पूर्ण पुसा, नाहीतर चिकट थर बसतो. चार-पाच दिवसांच्या अंतराने असे तीन हात. तेलाची फडकी बोळा करून टाकू नका. हे तेल वाळताना उष्णता सोडतं, बोळ्यात ती कोंडते आणि फडकं आपोआप पेटू शकतं. पसरून वाळवा, मगच टाका.

वाटीत चीर दिसलीच, तर भुसा आणि इन्स्टंट गोंद भरलेला चाटू भिंतीवर टांगायलाच ठेवा. जेवणाचा करायचा असेल तर चिरेपलीकडचं लाकूड कापून त्यातून मिठाचा चमचा काढा.