वजन कमी करायच्या सर्जरीनंतर पोट कुरकुरतंय? या चुका टाळा

सर्जरीला महिना-दीड महिना झाला की जवळपास सगळ्यांचं रडगाणं एकच, खाल्लं की मळमळतं, कधी उलटी तर कधी जुलाब, मग खायचं तरी काय? पण बहुतेक वेळा गडबड पदार्थात नसते, ती असते खाण्याच्या स्पीडमध्ये. माझी स्वतःची स्लीव्ह (पोट कापून लहान करायची सर्जरी) झालीये म्हणून हे इतकं ठामपणे सांगतेय.

पहिली चूक म्हणजे जुन्या सवयीने भराभर खाणं. स्लीव्हमध्ये पोटाचा साधारण पाऊण भाग काढून टाकतात आणि बायपासमध्ये (हृदयाची नव्हे, पोटाची) तर अंड्याएवढीच पिशवी ठेवून ती आतड्याला जोडतात, तिथे घाईचा घास मावणार कुठे? माझ्या पाचव्या आठवड्यात उकडलेल्या अर्ध्या अंड्याचा तिसरा घास नीट न चावता गिळला आणि छातीच्या मधोमध दगड बसल्यासारखं झालं, तोंडात फेसाळ लाळ सुटली, पंधरा मिनिटं बेसिनपाशी वाकून उभी होते. अंडं खराब नव्हतं, दुसऱ्या दिवशी तेच अंडं हळूहळू खाल्लं तर आरामात गेलं. तेव्हापासून छोटा चमचा घेते, घास तोंडात गेला की चमचा खाली ठेवते, पार लगदा झाल्याशिवाय गिळत नाही आणि जेवण २० ते ३० मिनिटांत संपवते, त्याच्यापुढे रेंगाळत नाही कारण मग दिवसभर चरणं सुरू होतं. अचानक उचकी लागली, शिंक आली, नाक वाहायला लागलं तर तिथेच थांबा. पोट भरल्याची ही खूण असते, ताटात दोनच घास उरलेत म्हणून संपवू नका.

दुसरी गोष्ट पाणी. जेवताना पाणी नको आणि जेवणानंतर अर्धा तास नको, हे सगळे पाळतात, पण मग बाकीच्या वेळात प्यायचं राहूनच जातं आणि दिवसाचा हिशोब जेमतेम अर्ध्या लिटरवर येतो. लघवी गडद होते, डोकं दुखतं, मळमळतं आणि आपण म्हणतो जेवण बाधलं. दीड ते दोन लिटरचं टार्गेट ठेवा (डॉक्टरांनी वेगळं सांगितलं असेल तर तेवढं), बाटली कायम हाताशी, घोटघोट, स्ट्रॉ आणि सोडा नको, त्याने गॅस होतो. बद्धकोष्ठतेचंही तेच, खाणं कमी, पाणी कमी, त्यात आयर्नची गोळी, आणि वरून लोक फायबरची पावडर सुरू करतात, पाणी न वाढवता फायबर घेतलं तर अजूनच अडकतं हो.

आता डम्पिंग. हे बायपासवाल्यांना जास्त होतं पण स्लीव्हवाल्यांनाही होऊ शकतं. गोड पदार्थ किंवा ज्यूस पोटात न थांबता थेट लहान आतड्यात जातो, आतडं त्याच्याकडे पाणी खेचतं आणि १० ते ३० मिनिटांत धडधड, घाम, पोटात मुरडा, जुलाब. अशा वेळी आडवं व्हा, ओसरतं. दुसरा प्रकार उशिराचा, खाल्ल्यानंतर १ ते ३ तासांनी, इन्सुलिन जास्त सुटून साखर खाली येते, हात थरथरतात, भूक लागते, मग माणूस परत पोटभर गोड खातो आणि दोन तासांनी परत तेच! साखर खरंच उतरली असेल तर थोडं गोड घ्यावंच लागतं, पण लगेच त्याच्यामागे प्रोटीनचं काहीतरी खा आणि पुढच्या व्हिजिटला डॉक्टरांना सांगा. शुगर-फ्री लिहिलंय म्हणून बिनधास्तही होऊ नका, त्यातल्या सॉर्बिटॉल, माल्टिटॉलनेही गॅस आणि जुलाब होतात. दूध प्यायल्यावर पोट फुगत असेल तर थोडे दिवस लॅक्टोज-फ्री करून बघा.

स्लीव्हनंतर ॲसिडिटी वाढते बऱ्याच जणांची. जेवण आणि झोप यात दोन-तीन तास जाऊ द्या, डोक्याकडची बाजू उंच करा आणि ॲसिडिटीची गोळी बरं वाटतंय म्हणून मनाने बंद करू नका. अंगदुखीला आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक तर अजिबात मनाने घेऊ नका, बायपासमध्ये जोडलेल्या जागी अल्सर होतो, सिगरेटनेही होतो.

आणि सगळ्यात मोठी चूक, जी बघून जीव तुटतो, ती म्हणजे सहन करत बसणं. सर्जरी झालीये म्हणजे उलट्या होणारच, असं नसतं. रोज उलटी होत असेल, आधी घट्ट खाणं जात नव्हतं आणि आता पातळही जात नाही, तर जोड अरुंद झालेला असू शकतो आणि तो एन्डोस्कोपीने मोठा करता येतो. शिवाय शरीरात थायमिनचा (व्हिटॅमिन बी१) साठा काही आठवडेच पुरतो, उलट्या चालू राहिल्या तर दोन-दोन दिसणं, चालताना तोल जाणं, गोंधळल्यासारखं होणं सुरू होतं आणि ते नुकसान कायमचं राहू शकतं. म्हणून इमर्जन्सीत ग्लुकोजचं सलाईन लावायच्या आधीच सांगा की माझी वजनाची सर्जरी झालीये, उलट्या इतके दिवस आहेत, थायमिन द्यायचंय का बघा.

पहिल्या काही आठवड्यांत ताप, पोटदुखी आणि बसल्याजागी नाडी १२० च्या वर, किंवा कधीही काळी शी, उलटीत रक्त दिसलं तर सकाळची वाट बघू नका. उजव्या बरगडीखाली दुखून पाठीकडे जात असेल तर पित्ताचे खडे असू शकतात, वजन झपाट्याने उतरताना ते होतात. बायपासवाल्यांना अगदी काही वर्षांनीही जेवणानंतर येणारी-जाणारी जोरात कळ येत असेल तर आत आतडं अडकलेलं असू शकतं, याला गॅस समजून घरी थांबू नका. पाकिटात एक चिठ्ठी ठेवा, कोणती सर्जरी, कधी झाली, कोणत्या गोळ्या चालू आहेत, सर्जनचा नंबर. कळ आल्यावर हे सगळं तोंडाने सांगायचं त्राण नसतं.