मित्रांसोबत ख्रिस्ती कला-झीन काढताय? या चुका टाळा

एक चित्र काढणारा, एक कविता लिहिणारी, एक गाणारा आणि एक ‘लेआउट मी बघतो’ म्हणणारा. ख्रिस्ती कला-संस्कृतीवरचं झीन, म्हणजे आपणच लिहून, छापून, बांधून काढलेला छोटा अंक, सुरू व्हायला एवढी चौकडी पुरते. ते बंद पाडायलाही बहुधा तीच पुरते. पैसे संपले म्हणून थांबलेली झीनं असतीलही. पण जास्त करून ती थांबतात ती ‘हे छापायचं नाही’ असं म्हणणारं कोणी नसल्यामुळे.

नकाराची भीड

अशा गटात दोन भिडा एकत्र येतात. एक मैत्रीची: त्याने रात्र जागून चित्र काढलंय, परत कसं करायचं? दुसरी श्रद्धेची, आणि ती जास्त चिवट: तिने प्रार्थना करून कविता लिहिलीय, तिला नको म्हणणारे आपण कोण? पण मनापासून प्रार्थना करून लिहिलेल्या कवितेतही यमकासाठी ओढाताण झालेली असू शकते. ती दाखवून देणं म्हणजे कवीच्या श्रद्धेवर शंका घेणं नव्हे. हे पहिल्याच बैठकीत उघड बोलून टाका. मजकूर परत करायची वेळ आल्यावर बोललात तर ते वैयक्तिकच वाटणार.

उपाय साधे आहेत. प्रत्येक अंकाला एकच संपादक, शेवटचा शब्द त्याचा. पुढच्या अंकाला दुसरा. ‘आपण सगळे मिळून ठरवू’ याचा अर्थ व्यवहारात ‘कोणीच ठरवणार नाही’ असा होतो. आलेला मजकूर दोघांनी नाव झाकून वाचावा. गटातल्या माणसाचं एका अंकात एकच काम घ्यावं, नाहीतर झीन म्हणजे घरचा अल्बम होतो. परत पाठवताना कारण कारागिरीचं द्यावं आणि नेमकं द्यावं: दुसरं कडवं पहिल्याचंच म्हणणं पुन्हा सांगतं, चित्रातला हात मनगटापाशी तुटल्यासारखा दिसतो, वगैरे.

नकाराचं कारण तपासून पाहायचीही सवय हवी. इटालियन चित्रकार कारावाजिओने १६०२ मध्ये रोममधल्या एका चॅपेलसाठी संत मत्तय आणि देवदूत रंगवला. पाय दुमडून बसलेला, अनवाणी, एखाद्या अडाणी मजुरासारखा दिसणारा मत्तय संताला शोभत नाही म्हणून ते चित्र नाकारलं गेलं, असं त्याचे जुने चरित्रकार सांगतात. त्याने दुसरं काढून दिलं, ते आजही तिथेच आहे. पहिलं १९४५ मध्ये बर्लिनमध्ये नष्ट झालं. आज त्याच्या कृष्णधवल छायाचित्रांवर समाधान मानावं लागतं. तेव्हा ‘हे चित्र कच्चं आहे’ आणि ‘या चित्राने चर्चच्या मंडळीतले लोक बिचकतील’ ही दोन वेगळी वाक्यं आहेत. दुसरं कारण पहिल्याचा मुखवटा घालून येतं. संपादकाने निदान स्वतःशी तरी आपण कोणतं वाक्य बोलतोय ते कबूल करावं.

प्रत्येक पानाचा शेवट उपदेशात

कथा बरी चाललेली असते. मुलगी आजीच्या पेटीतून जुनी गीतांची वही काढते, पानं चिकटलेली असतात, आणि अचानक शेवटच्या परिच्छेदात लेखक व्यासपीठावर चढतो: ‘आपणही प्रभूजवळ असेच आले पाहिजे.’ कथा तिथेच मरते. शेवटचा परिच्छेद झाकून वाचून पाहा. काही कमी वाटलं नाही, तर तो काढून टाका. ही एक कात्री बहुतेक कथांना लागू पडते.

देवाचं नाव आलं नाही तर लेखन ख्रिस्ती कसं, असा प्रश्न गटात कोणीतरी विचारतोच. हिब्रू बायबलमधल्या एस्तेरच्या पुस्तकात देवाचं नाव एकदाही येत नाही, तरी ते पवित्र शास्त्रात आहे. ‘शेवट आशेचा हवा’ म्हणणाऱ्याला ८८वं स्तोत्र वाचायला द्यावं. ते अंधारातच संपतं. विलाप, शंका, राग यांना जागा नसलेलं झीन बायबलपेक्षाही सोवळं ठरेल.

परीक्षणांत हीच खोड वेगळ्या रूपात दिसते. गायनसंध्येवर लिहिताना ‘सर्वांना आशीर्वाद मिळाला’ एवढंच लिहिलं, तर वाचकाला काय कळलं? चौथा आवाज दबला होता का, वाद्यमेळ शब्दांवर चढत होता का, ते लिहा. उलट टोकाची चूकही असते: नवखे वाचक दुरावतील म्हणून श्रद्धा इतकी पातळ करायची की अंकात काही ख्रिस्ती आहे हे मुखपृष्ठावरच्या नावावरूनच कळावं.

‘आपण’ म्हणजे कोण?

मित्र वेगवेगळ्या पंथांचे असतील तर अडचण धर्मशास्त्राआधी मुद्रितशोधनात येते. कॅथलिक बायबलमध्ये ७३ पुस्तकं, प्रोटेस्टंट बायबलमध्ये ६६. लॅटिन परंपरेतल्या जुन्या कॅथलिक क्रमांकनात ‘परमेश्वर माझा मेंढपाळ’ हे स्तोत्र २२वं, इतरत्र २३वं. एक जण मिस्सा लिहितो, दुसरा उपासना. एकाचे फादर, दुसऱ्याचे पाळक. सगळ्यांना एका साच्यात कोंबायची गरज नाही. लेखकाच्या परंपरेतला शब्द राहू द्यावा. पण वचनांचे संदर्भ, पुस्तकांची नावं आणि क्रमांक मात्र एकाच पद्धतीने लिहा. एका पानाची शैलीपत्रिका (काय कसं लिहायचं याची यादी) करा आणि पहिल्या लेखाच्या आधी करा.

झीनच्या नावात ‘कॅथलिक’ हा शब्द घालायचा असेल तर आधी विचारपूस करा. सध्याच्या कॅथलिक चर्चकायद्याच्या २१६व्या नियमानुसार चर्चच्या योग्य अधिकाऱ्याच्या संमतीशिवाय कुठल्याही उपक्रमाला ते विशेषण लावता येत नाही. आणि मंडळीकडून छपाईचा खर्च घेणार असाल, तर अंक छापण्याआधी कोणाला दाखवायचा की नाही, हे पैसे घेतानाच ठरवा.

‘देवाचं वचन आहे, परवानगी कसली?’

वचन देवाचं असलं तरी भाषांतर कोणाचं तरी असतं. बायबलची आधुनिक भाषांतरं बहुधा स्वामित्वहक्काखाली येतात. किती वचनं विनापरवानगी घेता येतील आणि श्रेय कसं द्यायचं, हे पुष्कळदा सुरुवातीच्या पानांवर छापलेलं असतं. तेवढं वाचा. गीतांचं प्रकरण आणखी गुंत्याचं: मूळ गीत जुनं असतं, त्याचा अनुवाद नवा असतो, चालीचा हक्क तिसऱ्याकडे असतो. लेखकाच्या मृत्यूनंतर हा हक्क भारतात ६० वर्षं टिकतो, अनेक देशांत ७०. मराठी ख्रिस्ती कवी ना. वा. टिळक १९१९ मध्ये वारले, म्हणून त्यांचे अभंग तुम्ही छापू शकता. पण एखाद्या नव्या आवृत्तीतल्या टिपा आणि प्रस्तावना नाही.

चित्रांसाठी शोधयंत्रात दिसेल ते उचलू नका. न्यूयॉर्कचं मेट्रोपॉलिटन म्युझियम २०१७ पासून आपल्या संग्रहातल्या, हक्कमुक्त झालेल्या कलाकृतींची छायाचित्रं कुठल्याही अटीशिवाय वापरू देतं. तिथे ख्रिस्ती चित्रं भरपूर आहेत. (कबुतर, क्रूस आणि मावळता सूर्य एकाच चौकटीत बसवलेली तयार चित्रं मात्र हक्कमुक्त असली तरी नकोत.)

साक्षींना, म्हणजे श्रद्धेच्या स्वानुभवांना, वेगळीच परवानगी लागते. स्वतःचं व्यसन सुटल्याची गोष्ट सांगणारा माणूस ओघात बायकोची, भावाचीही गोष्ट सांगून जातो. त्या माणसांना विचारल्याशिवाय छापू नका. नाव बदलून भागत नाही, ओळखीच्या वर्तुळात सगळं कळतं.

छापताना काय बिघडतं

पानं चारच्या पटीतच. ए४ कागद मधोमध दुमडला की ए५ची चार पानं होतात, त्यामुळे १८ पानांचा अंक पिना मारून बांधता येत नाही. १६ करा किंवा २०. पाठपोट छापल्यावर मागची बाजू उलटी आली, तर प्रिंटरच्या खिडकीत ‘लांब कडेवर उलटा’ निवडलेलं असणार. आडव्या कागदासाठी आखूड कड निवडा. आधी कोऱ्या कागदांची डमी दुमडून प्रत्येक पानावर हाताने आकडा टाका, म्हणजे पहिलं पान कोणत्या कागदावर कोणाच्या शेजारी येतं ते दिसतं.

साधा स्टेपलर दुमडीपर्यंत पोचत नाही. लांब हाताचा मिळाला नाही तर स्टेपलर उघडून जाड थर्मोकोलवर अंक ठेवून पिना खुपसा आणि मागून वाकवा, किंवा सुई-दोऱ्याने तीन भोकांत शिवा. शिवलेला अंक दिसतोही देखणा.

मराठीची दुखणी वेगळी. इनडिझाइन या पानं मांडायच्या सॉफ्टवेअरमध्ये परिच्छेदाला ‘वर्ल्ड-रेडी’ कंपोझर लावला नसेल तर वेलांट्या भलत्या अक्षरावर बसतात आणि जोडाक्षरं फुटतात. पीडीएफमधून वचन नकलून चिकटवलं तर त्याचा अनेकदा चुथडा होतो. ते पुन्हा टाइप करा. जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमधला मजकूर आधी युनिकोडमध्ये बदलून घ्या. आणि शेवटचं प्रूफ कागदावर वाचा, पडद्यावर नको.

चित्रं व्हॉट्सअ‍ॅपवर साध्या फोटोसारखी मागवू नका, ती दाबली जाऊन येतात; डॉक्युमेंट म्हणून मागवा. ए५चं पूर्ण पान नीट छापायला साधारण १७५० बाय २४८० पिक्सेल लागतात. झेरॉक्सवर राखाडी छटांचा चिखल होतो, रेषा मात्र टिकते. जर्मन चित्रकार ड्यूररने १४९८ मध्ये बायबलच्या प्रकटीकरण या शेवटच्या पुस्तकावरची १५ काष्ठचित्रं (लाकडात कोरून छापलेली चित्रं) स्वतःच प्रकाशित केली, ती केवळ काळ्या रेषांच्या जोरावर. लिनोकट (लिनोलियम कोरून घेतलेले छाप), शाईची रेखाटनं, कापलेला कागद यांना आधी जागा द्या.

जाडी, तारीख, वाटप

पहिला अंक जाड काढायचा मोह होतो, कारण सगळ्यांकडे साठलेलं असतं. सोळा पानं पुष्कळ झाली. ‘दर महिन्याला’ असं मुखपृष्ठावर छापू नका. साठच्या दशकातली मराठी लघुअनियतकालिकं जमेल तेव्हा निघत, त्यात कोणाला कमीपणा वाटला नाही. अंकाला सणाचा संदर्भ देणार असाल तर पंचांग बघून मागे मोजा. पाश्चात्त्य चर्चचा ईस्टर २२ मार्च ते २५ एप्रिलमध्ये कुठेही येतो आणि ईस्टरआधीच्या उपवासकाळाचा अंक ईस्टरनंतर हातात पडणं फार केविलवाणं.

पैशांची वही एकाकडे, पण दिसायची सगळ्यांना. प्रती छापण्याआधी कोणाला किती द्यायच्या याची यादी करा, नाहीतर गठ्ठा चर्चच्या शेवटच्या बाकाखाली पडून राहतो. अंकावर क्रमांक, महिना, वर्ष आणि संपर्काचा पत्ता हवा. हे विसरणारे पुष्कळ. पुढच्या अंकासाठीचं आवाहन याच अंकात छापा, त्यात विषय, शब्दमर्यादा, मजकूर पोचायची तारीख आणि त्या वेळचा संपादक कोण हे असू द्या. संपादक ठरला नसेल तर आवाहन छापूच नका.