टेलव्हीलची स्प्रिंग निवडण्यापूर्वी आणि बळकट करण्यापूर्वी करावयाची तयारी

किटवरून बांधलेल्या हलक्या विमानाच्या टेलव्हीलची, म्हणजे शेपटीखालच्या छोट्या चाकाची, स्प्रिंग बदलायचे मनात आले, की सर्वप्रथम ती का बदलायची हे बांधणीच्या नोंदवहीत एका वाक्यात लिहून काढावे. स्प्रिंगच्या पाट्याची कमान बसली (कायमची सपाट झाली) आहे, टॅक्सी करताना (विमान जमिनीवर चालवताना) मागचे चाक थरथरते आहे, किंवा पाट्याला तडा गेला आहे, या तीन वेगवेगळ्या तक्रारी आहेत आणि तिन्हींचे उपाय एकच नाहीत. बसलेली कमान पाटा पातळ असल्यामुळे बसते किंवा त्याला पाणी (पोलाद कडक करण्याची उष्णता-प्रक्रिया) नीट न दिल्यामुळे. थरथरीचे मूळ पुष्कळदा पिव्होटच्या (ज्याभोवती चाक डावी-उजवीकडे वळते त्या उभ्या खिळीच्या) कलात, सैल बेअरिंगमध्ये किंवा झिजलेल्या बुशमध्ये सापडते. आणि तडा बहुतेक वेळा एखाद्या भोकाच्या, ओरखड्याच्या किंवा गंजाच्या खड्ड्याच्या काठावरून सुरू होतो. कारण न शोधता जाड स्प्रिंग बसवली, तर तक्रार काही दिवस दबते आणि भार मात्र नव्या जागी जाऊन बसतो.

हा भार जातो कुठे, हाच या सगळ्या कामातला मुख्य प्रश्न आहे. जमिनीचा धक्का स्प्रिंग वाकून पचवते आणि जेवढा ती पचवत नाही तेवढा शेपटीच्या सांगाड्यात शिरतो. वाकलेला पाटा बदलता येतो. पण टेलपोस्टपाशी (शेपटीच्या टोकाच्या उभ्या खांबापाशी) चिरडलेली नळी किंवा रिव्हेटच्या रांगेत फाटलेला पत्रा दुरुस्त करायला शेपूट उघडावी लागते. म्हणून स्प्रिंग ही त्या साखळीतली मुद्दाम ठेवलेली कमजोर कडी राहिली पाहिजे, असे माझे ठाम मत आहे.

मोजमापाला सुरुवात टेलव्हीलवरच्या भारापासून करावी. विमान तिन्ही चाकांवर उभे असताना हा भार एका साध्या गुणोत्तराने मिळतो: मुख्य चाकांच्या आसापासून गुरुत्वमध्य जितका मागे आहे, त्या अंतराला त्याच आसापासून टेलव्हीलपर्यंतच्या अंतराने भागावे आणि विमानाच्या वजनाने गुणावे. समजा ५०० किलोच्या विमानाचा गुरुत्वमध्य आसाच्या ४० सेंटिमीटर मागे आणि टेलव्हील ४.५ मीटर मागे आहे. तर मागच्या चाकावर सुमारे ४४ किलो येतात. हा आकडा रिकाम्या विमानासाठी काढून थांबू नये. गुरुत्वमध्य मागच्या मर्यादेवर असेल अशा लादणीत, म्हणजे सामानाचा कप्पा भरलेला असताना, तो पुन्हा काढावा आणि प्रत्यक्ष वजनकाट्यावर पडताळावा. काट्याच्या उंचीएवढे ठोकळे मुख्य चाकांखालीही ठेवावेत, नाहीतर विमानाचा कल बदलतो. स्प्रिंगची उंची मोजण्याआधी विमान हातभर पुढे-मागे ढकलून घ्यावे, म्हणजे टायरच्या घर्षणाने अडकून राहिलेली लचक मोकळी होते.

भार कळला की पाट्याचा हिशेब कागदावर करता येतो, आणि तो करण्याचा कंटाळा करू नये. एका टोकाला पकडलेल्या सपाट पाट्याची लचक जाडीच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात आणि त्यातला ताण जाडीच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात बदलतो. ब्रॅकेटपासून चाकापर्यंत ३०० मिलिमीटर लांब, ३८ मिलिमीटर रुंद आणि ६ मिलिमीटर जाड असा एकच पाटा घेतला, तर ४५ किलोच्या स्थिर भाराखाली तो सुमारे २८ मिलिमीटर वाकतो आणि त्याच्या मुळाशी दर चौरस मिलिमीटरला साधारण ५८० न्यूटन ताण येतो. कडक लँडिंगचा भार हिशेबापुरता तिप्पट धरला, तर हाच ताण १७०० च्या वर जातो. चांगल्या स्प्रिंग पोलादाची कायमचे वाकण्याची मर्यादा पाणी देण्याच्या पद्धतीनुसार १३०० ते १५०० च्या आसपास असते, म्हणजे हा पाटा एखाद्या कडक लँडिंगमध्येच बसणार. जाडी ८ मिलिमीटर केली, तर लचक १२ मिलिमीटरवर येते आणि तिप्पट भाराचा ताण हजाराच्या आत राहतो. याच हव्यासाने १२ मिलिमीटरचा अखंड पाटा घेतला, तर लचक साडेतीन मिलिमीटर उरते; असा पाटा स्वतः कधीच तुटणार नाही, पण स्प्रिंग म्हणून त्याचा उपयोगही उरत नाही आणि प्रत्येक खड्डा तो थेट टेलपोस्टला पोहोचवतो.

त्याच १२ मिलिमीटर जाडीचे ६-६ मिलिमीटरचे दोन पाटे एकावर एक ठेवले, तर ते एकमेकांवरून सरकू शकतात, त्यामुळे एकट्या ६ मिलिमीटरच्या पाट्यापेक्षा ताण निम्मा होतो, लचक मात्र १४ मिलिमीटर शिल्लक राहते. कमानपाट्यांची जोडणी आजही टिकून आहे ती याच गुणामुळे, आणि पाट्यांमधल्या घर्षणाने उसळी थोडी शमते हा वरचा फायदा.

साहित्याच्या बाबतीत एक समज आधी दूर केलेला बरा. पोलाद अधिक कडक केल्याने स्प्रिंग अधिक ताठ होत नाही. सर्व पोलादांची लवचिकता जवळपास सारखीच असते आणि ताठपणा केवळ आकारावर ठरतो. योग्य पाणी दिल्याने एवढेच साधते, की पाटा कायमचा न वाकता अधिक लांबपर्यंत वाकू शकतो. म्हणून पाटा घेताना पोलादाचा प्रकार, ५१६० किंवा ६१५० यांसारखा, आणि त्याला दिलेल्या उष्णता-प्रक्रियेचा दाखला मागून घ्यावा. निमुळत्या गोल दांड्याची स्प्रिंग असेल तर तिच्यात ताण लांबीभर समान वाटला जातो आणि वजन वाचते, पण चाकावर आडवा भार आला की ती पिळवटते आणि तो पीळ तिच्या टोकाच्या बोल्टवर येतो; त्या भोकाची तपासणी अधिक बारकाईने करावी. काचतंतूंची स्प्रिंग हलकी असते आणि गंजत नाही, परंतु तिच्यात नवे भोक पाडणे किंवा तिच्या कडा घासणे टाळावे, कारण थर सुटू लागले की बाहेरून ते उशिरा दिसते.

आता जुनी स्प्रिंग उतरवण्याची तयारी. मुख्य चाकांना दोन्ही बाजूंनी अडणी लावावी, शेपूट टेलपोस्टजवळच्या मजबूत जागी भक्कम स्टँडवर टेकवावी आणि शेपटीच्या आडव्या पंखाखाली आधार मुळीच देऊ नये. पाटा सुटल्यावर तो आधी पुसू नये, तसाच उजेडात धरून पाहावा. ब्रॅकेटच्या मागच्या काठापाशी रंगावर केसाएवढी आडवी रेघ दिसली, किंवा दोन पाट्यांच्या मधून तांबूस तपकिरी भुकटी निघाली, तर पहिली गोष्ट तड्याचा आणि दुसरी पाटे एकमेकांवर घासून झिजत असल्याचा संकेत आहे. त्यानंतर रंग काढून डाय पेनिट्रंटने (तड्यात शिरणाऱ्या रंगद्रवाने) किंवा, पोलाद असल्याने अधिक खात्रीच्या, मॅग्नेटिक पार्टिकल (चुंबकीय कणांच्या) पद्धतीने तपासणी करून घ्यावी.

ब्रॅकेट आणि पुढचा बोल्ट यांच्याकडे स्प्रिंगपेक्षाही जास्त वेळ द्यावा. नेहमीच्या बांधणीत पाटा पुढच्या टोकाला बोल्टने धरलेला असतो आणि टेलपोस्टपाशी ब्रॅकेटमधून मागे निघतो. म्हणजे ब्रॅकेट हा टेकू झाला आणि पाटा ही तरफ. मागची लांबी ३०० मिलिमीटर आणि बोल्ट ते ब्रॅकेट अंतर १५० असेल, तर चाकावरच्या भाराच्या दुप्पट ओढ पुढच्या बोल्टवर आणि तिप्पट दाब ब्रॅकेटवर येतो. स्थिर भारात हे आकडे अनुक्रमे ९० आणि १३५ किलो भरतात; तिप्पट भाराच्या लँडिंगमध्ये ते २७० आणि ४०५ किलोवर जातात. हा भार पेलणाऱ्या नळ्या, वेल्डचे सांधे आणि रिव्हेट आरसा व टॉर्च घेऊन आतून पाहावेत, बोल्टची भोके लंबगोल झाली आहेत का ते मोजावे, आणि नव्या स्प्रिंगच्या भाराला ही जागा पुरेशी आहे की नाही हे किटच्या रचनाकाराला लेखी विचारावे. त्याच्याकडून उत्तर येईपर्यंत मूळ स्प्रिंगपेक्षा ताठ स्प्रिंग बसवू नये.

बळकटीसाठी सर्वांत सुरक्षित मार्ग म्हणजे मुख्य पाट्याला आखूड जोडपाटा देणे. जोडपाट्याचे टोक जिथे संपते तिथपासून चाकापर्यंत मुख्य पाटा एकटा भार वाहतो, म्हणून ती जागा हिशेबाने ठरवावी. वरच्या उदाहरणात जोडपाटा निम्म्या लांबीपर्यंत नेला, तर तिथे मुख्य पाट्यातला स्थिर ताण दर चौरस मिलिमीटरला २९० न्यूटन राहतो. मुळाशी दोन्ही पाटे भार वाटून घेतात, पण तो अगदी निम्मा-निम्मा वाटला जाईलच असे नाही. आखूड पाट्यावर जास्त येऊ शकतो, तेव्हा तोही तितक्याच चांगल्या पोलादाचा असावा. जोडपाट्याचे टोक पातळ करून गोलसर घासावे, कारण चौकोनी टोकाची धार मुख्य पाट्यात खाच पाडते. दोन्ही पाटे क्लिपने एकत्र धरावेत; त्यासाठी नवे भोक पाडू नये. वेल्डिंग करू नये, टॉर्चने तापवून कमान वाढवू नये, आणि घासल्याच्या खुणा पाट्याच्या लांबीच्या दिशेने जातील अशी काळजी घ्यावी, कारण आडवा ओरखडा म्हणजे तड्याला दिलेली सुरुवात. मुलामा चढवण्यापेक्षा चांगला रंग बरा. कडक पोलादावर मुलामा चढवताना हायड्रोजन आत शिरून ते ठिसूळ होण्याचा धोका असतो आणि मुलामा हवाच असेल तर त्यानंतर सुमारे १९० अंश सेल्सिअसला दीर्घकाळ भाजणे अत्यावश्यक ठरते.

विमानावर चढवण्याआधी स्प्रिंगची परीक्षा बाकावर घ्यावी. बोल्ट आणि ब्रॅकेट यांचे अंतर विमानावर आहे तेवढेच ठेवून ती बाकाला पक्की करावी, मात्र उलटी, म्हणजे लटकवलेला भार कमानीला जमिनीच्या भारासारखाच उघडेल. ४५, ९० आणि १३५ किलो टप्प्याटप्प्याने लटकवून प्रत्येक वेळी लचक लिहावी आणि भार काढल्यावर टोक मूळ जागी परतले का ते पाहावे. परतले नाही, तर ती स्प्रिंग बाद करावी. या वेळी कुणीही स्प्रिंगच्या रेषेत किंवा वजनाखाली उभे राहू नये.

भूमितीची तपासणी पूर्ण भारात करावी, हे विशेष. चाकाचा पिव्होट बाजूने पाहिला असता उभा असावा किंवा त्याचे वरचे टोक किंचित मागे झुकलेले असावे. कमान बसली की हेच टोक पुढे झुकते, आणि चाक थरथरण्याचे ते सर्वांत परिचित कारण आहे. पाटा सपाट झाला की शेपूटही खाली येते. उलट जास्त कमान दिली तर तिन्ही चाकांवरचा विमानाचा कोन कमी होतो आणि तीन-चाकी लँडिंगची (तिन्ही चाके एकदम टेकवून उतरण्याची) सवयीची नजर बदलते, याची वैमानिकाने आधीच दखल घ्यावी. मग स्प्रिंग पूर्ण दबली आहे असे धरून रडरची (शेपटीवरच्या उभ्या सुकाणूची) खालची कड, स्टीअरिंग आर्म आणि रडरला चाकाशी जोडणाऱ्या साखळ्या यांच्यामध्ये मोकळी जागा उरते का ते दोन्ही बाजूंना पूर्ण रडर देऊन पाहावे. साखळ्या ताणून बांधू नयेत. उंची बदलल्याने त्यांची लांबीही बदलते, ती पुन्हा जुळवावी.

वजनाचा हिशेब शेवटी राहून जातो. शेपटीला, गुरुत्वमध्यापासून ५ मीटर अंतरावर, ७०० ग्रॅम वाढले, तर ५०० किलोच्या विमानाचा गुरुत्वमध्य ७ मिलिमीटर मागे सरकतो. त्यामुळे नवा वजन-संतुलन तक्ता विमानात ठेवल्याखेरीज उड्डाण करू नये.

बसवण्याच्या दिवशी नवे लॉकनट, योग्य लांबीचे बोल्ट, वॉशर आणि तपासलेला टॉर्क रेंच हाताशी असावा. ३/८ इंची एएन६ (विमानांसाठीच्या प्रमाणित मापाच्या) बोल्टला साधारणतः १६० ते १९० इंच-पाउंड टॉर्क देतात, पण किटच्या पुस्तिकेत वेगळा आकडा असेल तर तोच घ्यावा. आवळल्यावर बोल्ट आणि नटवर रंगाची एक सरळ रेघ ओढून ठेवावी. पहिली टॅक्सी चालण्याच्या वेगाने, दुसरी थोड्या वेगात, आणि दोन्हींच्या मध्ये थांबून ही रेघ, साखळ्या आणि पाट्याची उंची पाहावी. पहिल्या काही लँडिंगनंतर टॉर्क पुन्हा तपासावा आणि तेव्हाची भारातली उंची नोंदवहीत लिहून ठेवावी, म्हणजे पुढच्या वार्षिक तपासणीला कमान किती बसली हे आकड्यात सांगता येईल.