घाट उतरताना ईव्हीची बॅटरी कशी भरून घ्यावी?

पाचगणीहून वाईला येताना पसरणी घाटात गाडी सुमारे ६०० मीटर खाली उतरते. माणसांसकट १,७०० किलो वजन धरलं, तर एवढ्या उतारात साधारण पावणेतीन युनिट ऊर्जा दडलेली असते. पेट्रोल गाडीत ती ब्रेक आणि इंजिन तापवण्यात जाते. इलेक्ट्रिक गाडीत मात्र चाकंच मोटरला फिरवतात, मोटर जनरेटरचं काम करते आणि इन्व्हर्टर ती वीज डीसी करून बॅटरीत सोडतो. टायर, हवा आणि रूपांतर यांतली गळती वजा जाता दीडेक युनिट हाती लागतं, म्हणजे पुढचे दहा किलोमीटर.

तयारी आदल्या रात्रीच करायची. मुक्काम वर असेल तर चार्जिंग ९० टक्क्यांवर थांबवा. काठोकाठ भरलेली बॅटरी आणखी वीज घेत नाही; मग रीजन, म्हणजे मोटरने वीज परत मिळवत गाडी आवळणं, कमी होतं किंवा बंद पडतं. अशा वेळी अ‍ॅक्सिलरेटर सोडूनही गाडी नेहमीसारखी आवळत नाही, आणि पहिल्याच वळणावर चालक गडबडतो. थंडीतल्या पहाटे गार बॅटरीचंही थोडंफार असंच होतं.

उतार लागण्याआधी रीजनची पातळी वाढवा. टाटा नेक्सॉन ईव्हीच्या नव्या मॉडेलमध्ये स्टिअरिंगमागच्या पॅडलने ० ते ३ अशी निवडता येते. वळणावळणाच्या घाटात २ किंवा ३ ठेवा. पाय अ‍ॅक्सिलरेटरवरून झटकन काढू नका, हळूहळू उचला. डिस्प्लेवरचा पॉवर मीटर चार्जच्या बाजूला सरकताना दिसेल. तो तिथेच टिकेल इतपतच पाय हलवत राहा. ब्रेकवर पाय तयार असलाच पाहिजे, कारण रीजन म्हणजे आणीबाणीचा ब्रेक नव्हे. वेग अगदी कमी झाला की त्याचा जोर ओसरतो, त्यामुळे गाडी पूर्ण थांबवायला बहुतेक गाड्यांत ब्रेकचं पेडल दाबावंच लागतं.

उतारावर गाडी न्यूट्रलला टाकायची जुनी सवय इथे कटाक्षाने मोडा. न्यूट्रलमध्ये रीजन बंद होतं, वीज तर मिळत नाहीच, शिवाय सगळा भार ब्रेकवर येतो.

पावसात पातळी एकने उतरवा. रीजन फक्त मोटर जोडलेल्या चाकांना आवळतं. निसरड्या रस्त्यावर ती चाकं घसरू लागली की एबीएस (ब्रेक लावताना चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) मध्ये येतं आणि गाडी रीजन तात्पुरतं काढून घेते. रोखण्याचा जोर मध्येच बदलल्याचा झटका जाणवतो. तेव्हा घाबरून ब्रेकचं पेडल सोडू नका, दाबून धरा.

सपाट, मोकळ्या हायवेवर मात्र ० किंवा १ पुरे. वेगातून वीज आणि विजेतून पुन्हा वेग, या फेऱ्यात दर वेळी काही भाग वाया जातो. गाडी आपसूक घरंगळू देणं तिथे जास्त फायद्याचं.

रीजनमुळे ब्रेक पॅड कमी झिजतात, पण न वापरलेल्या डिस्कवर गंज धरतो. कोकणच्या खाऱ्या, दमट हवेत तर लवकरच. म्हणून आठवड्यातून एकदा, मागे कुणी नाही हे आरशात पाहून, पातळी ० करून ५०-६० च्या वेगावरून चार-पाच वेळा ब्रेक ठामपणे दाबा. सुरुवातीची खरखर थांबली की डिस्क साफ झाली. तरीही खरखर राहिली तर कॅलिपरच्या (डिस्कवर पॅड दाबणाऱ्या भागाच्या) पिना अडकल्यात का, हे सर्व्हिसिंगला मुद्दाम तपासून घ्या.